६० डॉलरचा गेम विकला, तर दुकानदाराच्या हातात किती उरतात?

मार्जिनवरच्या मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांचा एकच सूर होता: "कंपनी मार्जिनच देत नाही, धंदा करायचा कसा?" प्रश्न रास्त आहे. पण मार्जिनचा टक्का हा अर्धाच हिशोब असतो. उरलेला अर्धा समजून घ्यायला आज आपण एका वेगळ्याच धंद्यात डोकावू. अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा. तुम्ही किराणा विका, मोबाईल विका नाहीतर पुस्तकं, यातलं गणित तुमच्या कामाचं आहे.

आधी खेळाडू ओळखून घ्या

गेम बनवतो तो डेव्हलपर. पैसा लावतो, जाहिरात करतो, माल बाजारात आणतो तो पब्लिशर. ज्या मशिनवर गेम चालतो, म्हणजे प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा निन्टेन्डो, ती प्लॅटफॉर्म कंपनी. आणि गिऱ्हाइकाच्या हातात डिस्क देतो तो दुकानदार.

२०१० च्या आसपास अमेरिकेत नवा गेम ६० डॉलरला मिळायचा. तेव्हा तिकडच्या वृत्तपत्रांत छापून आलेला ढोबळ हिशोब असा:

- दुकानदार: १५ डॉलर
- प्लॅटफॉर्म कंपनीची रॉयल्टी: ७ डॉलर
- परत आलेला माल, भावकपात, दुकानातली जाहिरात: ७ डॉलर
- डिस्क, डबी, वाहतूक: ४ डॉलर
- पब्लिशर: २७ डॉलर

वाटेल, पब्लिशरची तर चांदीच आहे! थांबा. त्याच २७ डॉलरमधून गेम बनवायचा खर्च आणि टीव्हीवरच्या जाहिराती निघायच्या. डेव्हलपरला आधी दिलेली उचल वसूल व्हायची. ती पूर्ण वसूल होईपर्यंत डेव्हलपरला बहुतेक वेळा रॉयल्टीचा एक डॉलरही मिळत नाही.

आता तिसरी ओळ परत वाचा

खरी मेख त्या ७ डॉलरमध्ये आहे. नवा गेम आला की पहिल्या काही आठवड्यांतच सगळ्यात जास्त विकला जातो, मग मागणी झपाट्याने उतरते. समजा, दुकानदाराने १०० डिस्क मागवल्या, ६० विकल्या आणि ४० शेल्फवर राहिल्या. पब्लिशरने भाव ६० वरून ४० डॉलर केला, तर त्या ४० डिस्कचा तोटा कोणी सोसायचा?

तिकडे मोठे दुकानदार हे आधीच ठरवून घेतात. भाव उतरला तर शिल्लक मालावरचा फरक पब्लिशर भरून देतो. याला म्हणतात प्राइस प्रोटेक्शन. काही माल परत घेतला जातो. दुकानातली मोक्याची जागा आणि पोस्टर यांचेही पैसे पब्लिशर मोजतो. म्हणजे कागदावर मार्जिन १५ डॉलर, पण त्याच्या पाठीशी तोट्याची हमी उभी असते.

ही हमी नसेल तर काय होतं, ते याच धंद्याने पाहिलंय. १९८२ मध्ये अटारी कंपनीने 'ई.टी.' सिनेमावरचा गेम काढला, मागणीपेक्षा कितीतरी जास्त माल बनवला आणि तो अंगावर आला. १९८३ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातल्या आलामोगोर्डो गावाजवळ कंपनीने न खपलेल्या मालाचे ट्रक रिकामे करून तो पुरून टाकला. २०१४ मध्ये तिथे खोदकाम झालं तेव्हा त्या काडतुसा खरोखरच सापडल्या. त्या मंदीत कितीतरी छोटे पब्लिशर बुडाले. बुडालेल्या कंपनीला माल परत कसा करणार? दुकानदारांनी तो मिळेल त्या भावात फुंकला आणि व्हिडिओ गेम या शब्दाचाच धसका घेतला.

म्हणूनच १९८५ मध्ये निन्टेन्डो न्यूयॉर्कच्या बाजारात उतरली तेव्हा तिने दुकानदारांना मोठ्या मार्जिनचं आमिष दाखवलं नाही. सांगितलं, माल ठेवा, विकला गेला त्याचेच पैसे द्या, उरलेला आम्ही परत नेतो. तिने दुकानदाराची भीती विकत घेतली! पुढे जम बसल्यावर हाच भार तिने पब्लिशरांवर टाकला. काडतुसा निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायच्या आणि पैसे आधी मोजायचे, मग गेम खपो न खपो.

दुकानदाराची खरी कमाई कुठे होती?

गेमस्टॉप ही अमेरिकेतली गेमच्या दुकानांची मोठी साखळी. तिच्या वार्षिक हिशोबांत कित्येक वर्षं एकच चित्र दिसायचं. नव्या गेमच्या १०० डॉलर विक्रीमागे ढोबळ नफा २० डॉलरच्या जरा वर. जुन्या, वापरलेल्या गेमवर मात्र ४५ डॉलरच्या पुढे!

गणित सोपं आहे. समजा, गिऱ्हाइकाने खेळून झालेला गेम आणून दिला. दुकानाने रोख पैसे न देता २५ डॉलरचं क्रेडिट दिलं आणि तोच गेम ४५ ला विकला. दुकानाला २० डॉलर सुटले, शिवाय ते २५ डॉलरचं क्रेडिटही त्याच दुकानात खर्च होणार. आणि पब्लिशरला? शून्य. अमेरिकी कायद्याने विकत घेतलेली डिस्क मालक पुन्हा विकू शकतो, पब्लिशर हिस्सा मागू शकत नाही.

साहजिकच पब्लिशर चिडले. २०१० मध्ये ईए कंपनीने आपल्या स्पोर्ट्स गेमसाठी 'ऑनलाइन पास' काढला. नव्या डबीत एक कोड असायचा. जुनी डिस्क घेणाऱ्याला ऑनलाइन खेळायचं तर १० डॉलर वेगळे भरावे लागायचे. गिऱ्हाइकं वैतागली आणि २०१३ मध्ये कंपनीने तो पास गुंडाळला.

मग डिस्कच गेली

वाद मिटवला तो डाउनलोडने. डाउनलोड केलेला गेम गिऱ्हाईक दुकानात नेऊन विकू शकत नाही. डिस्क नाही, डबी नाही, ट्रक नाही, परत येणारा माल नाही.

२००३ मध्ये सुरू झालेलं स्टीम हे पीसी गेमचं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान. त्याचा नेहमीचा कट ३० टक्के. म्हणजे ६० डॉलरमधले १८ स्टीमला, ४२ पब्लिशरला. कुठे २७ आणि कुठे ४२! २०१८ च्या अखेरीस स्टीमने मोठ्यांना सवलत दिली. एका गेमची कमाई १ कोटी डॉलरच्या पुढे गेली की वरच्या रकमेवर २५ टक्के, ५ कोटींच्या पुढे २० टक्के. त्याच डिसेंबरमध्ये एपिक कंपनीने फक्त १२ टक्के कट घेणारं दुकान उघडलं. तेव्हा तिथे ६० डॉलरमधले ५२.८० पब्लिशरला मिळायचे.

मग सगळे स्टीम सोडून एपिककडे पळाले का? नाही. कारण गिऱ्हाईक स्टीमवर आहे. वर्षानुवर्षं घेतलेले गेम, मित्रांची यादी, सगळं तिथेच. तो ३० टक्के कट शेल्फच्या जागेचा नाही, तिथे जमलेल्या गर्दीचा आहे.

छोट्यांसाठी मात्र दार उघडलं. स्टीमवर गेम लावायची फी १०० डॉलर. पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्स या छोट्या टीमचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये जगभर विकायला निघाला, तो याच डिजिटल दुकानांमुळे. अर्थात दार उघडलं म्हणजे गिऱ्हाईक आत आलं असं नव्हे. शेल्फ अमर्याद असलं की नवी अडचण येते: तुमचा माल दिसणार कसा?

तुमच्या धंद्यात हे कसं वापराल?

पुढच्या वेळी डिस्ट्रिब्युटर समोर बसला की टक्क्यावर येण्याआधी त्याला तीन गोष्टी विचारा.

एक, न खपलेला माल कोणाचा? १० टक्के मार्जिन आणि माल परत घ्यायची हमी हे कधीकधी हमी नसलेल्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे देऊन जातं.

दोन, भाव उतरला तर माझ्या शिल्लक मालावरचा फरक कोण देणार? "बघू की, करू काहीतरी" हे उत्तर नाही. लिहून घ्या.

तीन, या गिऱ्हाइकाला मी दुसऱ्यांदा काय विकू शकतो? गेमस्टॉपला नव्या गेमने गिऱ्हाईक दिलं आणि जुन्या गेमने नफा दिला. पण तो नफा डिस्कवर उभा होता. डिस्क कमी झाल्या तसा तोही आटला. तुमची दुसरी कमाई कशावर उभी आहे आणि ती वस्तू उद्या कोणी काढून घेऊ शकतो का, हे आजच तपासा.

आज रात्री गल्ला मोजून झाला की तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या एका वस्तूचा असाच हिशोब मांडा. विक्रीची किंमत वर, खाली एकेकाचा वाटा, आणि प्रत्येक वाट्यापुढे लिहा: माल पडून राहिला तर तोटा कोणाचा? ज्या ओळीपुढे तुमचंच नाव पुन्हा पुन्हा येईल, बोलणी तिथूनच सुरू करा.