सांगणारी आणि लिहिणारा

हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) या आत्मचरित्राच्या लेखिका त्या स्वतःच मानल्या जातात. परंतु त्यांचे कथन शब्दबद्ध केले ते अरुण साधू यांनी. साधू तेव्हा तिशीच्या आतील पत्रकार होते. ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्या पुढच्या काळातील. ग्रंथाचे नाव कोल्हापूरच्या अनंत माने यांच्या १९५९ मधील चित्रपटावरून घेतलेले आहे. त्यात वाडकरांची भूमिका होती. लोकांच्या ओठी रुळलेल्या या नावाखाली पडद्यामागचे आयुष्य आले आहे: लहान वयातच पत्करलेला चित्रपटव्यवसाय, दुःखद संसार, मद्याचे व्यसन.

त्यातील ‘मी’ कोणाचा, हा प्रश्न अभ्यासकास टाळता येणार नाही. अनुभव वाडकरांचा, परंतु प्रसंगांची निवड व क्रम यांत लेखकाचा हात किती, हे केवळ छापील संहितेवरून ठरविता येत नाही. सबब एखादे वाक्य ‘त्यांच्याच शब्दांत’ म्हणून उद्धृत करताना सावधपणा हवा. घटनांच्या साक्षीचे मोल मात्र त्यामुळे उणावत नाही.

श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ (१९७७) या हिंदी चित्रपटाला याच ग्रंथाचा आधार आहे. त्यात नायिकेचे नाव उषा झाले. त्या पटकथेस राष्ट्रीय पुरस्कार लाभला. वाडकर मात्र १९७१ मध्येच निवर्तल्या होत्या.