वय बघून ऑब्जेक्टचं मरण ओळखता येतं का?

जनरेशनल गार्बेज कलेक्शन शिकताना आपण एक वाक्य पाठ करतो: बहुतेक ऑब्जेक्ट लहानपणीच मरतात. म्हणून नव्यांसाठी छोटी नर्सरी ठेवायची, तीच वारंवार झाडायची, वाचलेले जुन्या पिढीत हलवायचे. डेव्हिड अंगर यांच्या १९८४ च्या स्मॉलटॉकवरच्या कामात हेच आहे.

मीही तेवढ्यावर विसंबून चाचणीसाठी कृत्रिम प्रोग्रॅम लिहिला. ऑब्जेक्टची आयुष्यं घातांकी वितरणातून घेतली, कारण ते एका ओळीत होतं. (खरं कारण एवढंच!) जनरेशनल कलेक्टर साध्या कलेक्टरपेक्षा मागे पडला. दोन आठवडे मी कोडमध्ये बग शोधत होते. तो मॉडेलमध्ये होता.

हिशोब करून बघा. इथे आयुष्य सेकंदांत मोजत नाहीत. ऑब्जेक्ट जन्मल्यापासून किती नवी मेमरी वाटली गेली, त्यावर मोजतात. समजा अर्धायुष्य १० एमबी. म्हणजे आत्ता जिवंत असलेल्यांपैकी निम्मे पुढचे १० एमबी वाटले जाईपर्यंत मरणार. १ एमबीची नर्सरी भरते तेव्हा तिच्यातले सुमारे ९७ टक्के अजून जिवंतच असतात. एवढं सगळं कॉपी करून जागा सुटते ३ टक्के. उलट, एकूण जिवंत डेटा १४.४ एमबीच्या आसपास स्थिरावतो, त्यामुळे ४० एमबीचा हीप भरल्यावर पूर्ण झाडला तर ६४ टक्के जागा मोकळी.

घातांकी वितरणाला स्मृती नसते, किरणोत्सारी अणूसारखं. कालचा ऑब्जेक्ट असो की आत्ताचा, उरलेलं अपेक्षित आयुष्य सारखंच. वरून जुन्यांना मरायला वेळ मिळालेला असतो, म्हणून कचरा तिकडे जास्त. विल्यम क्लिंजर आणि लार्स हॅन्सन यांनी १९९७ च्या पेपरात हेच मांडलं. या मॉडेलमध्ये जुना भाग आधी झाडणारा कलेक्टर जिंकू शकतो, हेही दाखवलं. तो पेपर मी आधी वाचायला हवा होता.

गंमत म्हणजे घातांकी वितरणातही निम्म्याहून जास्त ऑब्जेक्ट सरासरी आयुष्याच्या आधीच मरतात. म्हणजे पाठ केलेलं वाक्य एका अर्थी खरंच, पण उपयोगाचं नाही. नर्सरीला लागतं ते वेगळं: वयाबरोबर मृत्युदर घसरायला हवा.

तेव्हा कुठलंही वितरण बसवण्याआधी खऱ्या प्रोग्रॅमचा ट्रेस घ्या आणि प्रत्येक वयाला जिवंत असलेल्यांपैकी पुढच्या टप्प्यात किती मेले, याचा आलेख काढा. आडवी रेघ आली तर घातांकी. घसरण दिसली तर छोट्या आणि मोठ्या अर्धायुष्याच्या दोन घातांकींचं मिश्रणही सुरुवातीला पुरतं. मध्येच अचानक उंच टोक आलं, तर बहुधा एखादी मोठी रचना एकदम सोडून दिलेली असते. तिथे प्रत्येक ऑब्जेक्ट स्वतंत्रपणे मरतो असं धरणारं कुठलंच मॉडेल चालत नाही, सरळ ट्रेसच वापरा.