मदत करताना दुसरं संकट नको

ताईंनो, पावसाळा तोंडावर आलाय. कुठं संकट आलं की बचत गटातल्या बायका लगेच चूल पेटवतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, तेव्हा सांगली-कोल्हापूरकडे गावोगावहून भाकरी-चटणी गेली. पण त्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत जास्त माणसं बसली होती. घाईघाईतली मदतसुद्धा जीवावर बेतू शकते. म्हणून धावण्याआधी चार गोष्टी बघा.

जागा : लोकांना शाळेत किंवा समाजमंदिरात हलवायचं ठरलं, तर ती इमारत ओढ्याकाठी किंवा डोंगराच्या पायथ्याला नाही ना? माळीण (2014), तळीये (2021), इर्शाळवाडी (2023) इथं दरडीखाली घरं गेली. उतारावर नव्या भेगा पडल्या, झाडं-खांब कलले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर तिथं थांबू नका. लगेच ग्रामपंचायतीला कळवा.

पाणी : पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीचं पाणी तसंच पिऊ नका. आधी निवळू द्या, गाळून घ्या, मग खळखळून उकळा. टाकीत टीसीएल पावडर टाकायची असेल तर अंदाजानं नको, जलसुरक्षकाला बोलवा. पावडर टाकल्यावर किमान अर्धा तास थांबा आणि ओटी टेस्ट करून घ्या. पिणं, स्वयंपाक, धुणं धरून माणशी रोज 15 लिटर पाणी तरी लागतं.

संडास : जास्तीत जास्त 20 माणसांमागे 1 संडास असावा. शोषखड्डा विहीर-हातपंपापासून 100 फूट तरी लांब घ्या, आणि पाण्याच्या वरच्या अंगाला नको. बायकांच्या संडासाला आतून कडी आणि वाटेवर उजेड हवाच. नाहीतर बायका पाणी पिणंच कमी करतात.

कचरा : उरलंसुरलं अन्न उघड्यावर टाकलं की उंदीर येतात. त्यांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, आणि ताप आला तर आरोग्य केंद्र गाठा. मदतीत प्लास्टिकच्या बाटल्या वाटण्यापेक्षा झाकणाचे कॅन आणि घरचे तांबे-पेले बरे. बाटल्यांनी गटारं तुंबतात आणि पाणी पुन्हा घरात येतं.

हे सगळं पाणी दारात आल्यावर ठरत नाही. येत्या मासिक बैठकीत एक तास काढा. जागा कोणती, पाणी कोण बघणार, गरोदर ताई आणि म्हाताऱ्या माणसांना आधी कोण हलवणार, नावानिशी इतिवृत्तात लिहा. मग संकटात कुणाच्या तोंडाकडं बघत बसावं लागणार नाही.