बोटीवर निघालात? आधी हातातली पिशवी भरा

‘‘बोटीने जाऊन आलात म्हणे! काय मज्जा असेल, नाही?’’ दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत प्रत्येकीने मला हेच विचारले. मी हो म्हटले. मज्जा आलीच, खोटे कशाला बोलू? पण पहिल्या रात्री साडेनऊपर्यंत मी त्या जहाजाच्या जिन्यांवरून कशी वरखाली धावत होते, ते मात्र कुणाला सांगितले नाही. आज तुम्हाला सांगते, कारण चूक जहाजवाल्यांची नव्हती, सर्वस्वी माझी होती. आणि मैत्रिणींनो, ती तुमच्यापैकी निम्म्याजणी तरी करतील अशी मला खात्री आहे.

आमची साकोली भंडारा जिल्ह्यातली. या भागात तळ्यांना तोटा नाही, पण समुद्र म्हणजे पार महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला. सासूबाईंना यंदा सत्तर पूर्ण झाली. पंढरपूर झाले, रामटेक तर कितीदा झाले, समुद्र मात्र त्यांनी पाहिला नव्हता. पुण्याला नोकरीला असलेल्या धाकट्या भावजींनी परस्पर मुंबई-गोवा बोटीची तिकिटे काढली आणि फोन केला, ‘‘वहिनी, आईला घेऊन या. नाही म्हणू नका.’’ आता सासूबाईंना दहा वर्षांपासून मधुमेह, रात्रीच्या जेवणाआधी इन्शुलिन. माझ्या पोटात गोळाच आला. पण त्यांचा चेहरा असा खुलला, की नाही म्हणायची सोयच उरली नाही.

शेजारच्या काकूंचे माहेर देवगडचे. त्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ अशा बोटींनी माहेरी जायच्या. बंदराजवळ बोट खोल पाण्यातच उभी राहायची आणि उतारूंना बोचक्यांसकट पडावात उतरवायचे. ‘‘डेकवर चटई पसरली की झाली आमची खोली,’’ काकू सांगत होत्या. त्या बोटी केव्हाच बंद पडल्या. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ नावाची बोट मुंबई-गोवा सुरू झाली, तेव्हा काकूंनी पेपरातला फोटो कापून ठेवला होता. आता जी जहाजे जातात ती पाण्यावर तरंगणारी हॉटेलेच. पावसाळ्यात मुंबईहून ती सहसा सुटत नाहीत. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत अरबी समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो. म्हणून आम्ही दिवाळीची सुट्टी धरली.

काकूंनी दोन गोष्टी बजावल्या. एक, बोट लागण्यावरचे औषध आधी घ्यायचे, लागल्यावर नाही. आणि दुसरी, ‘‘हाताची पिशवी हातातून सोडू नकोस.’’ पहिली मी पाळली नाही, दुसरी अर्धवट पाळली.

त्याचे असे झाले. साकोलीहून एस.टी.ने भंडारा, मग वरठीचे भंडारा रोड स्टेशन आणि विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी मुंबई. स्टेशनपासून बॅलार्ड पिअरचे बंदर टॅक्सीने काही मिनिटांवरच. रात्रभराच्या गाडीत लहान पिशव्या सांभाळून जीव मेटाकुटीला आलेला, म्हणून मी सकाळी स्टेशनवरच औषधांचा डबा, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळे मोठ्या बॅगेत कोंबले. ‘एकच बॅग, एकच काळजी’, असा माझा शहाणपणा! त्याच बॅगेत खाली माझी छोटी इस्त्री आणि पाणी उकळायची विजेची किटली होती. सासूबाईंना पहाटे गरम पाणी लागते ना!

बंदरावर मोठ्या बॅगा आधीच ताब्यात घेतात. त्यांना खोलीच्या नंबरची चिठ्ठी लावतात, विमानतळासारख्या यंत्रातून तपासतात आणि मग बॅग आपल्या खोलीच्या दाराशी येते. कधी दोन तासांनी येते, कधी संध्याकाळ होते. तोवर तुमच्यापाशी फक्त हातातली पिशवी. आणि हे माहीत करून घ्या, की इस्त्री, किटली, पाण्यात बुडवायची कॉइल, विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड, मेणबत्ती, उदबत्ती असल्या वस्तू जहाजावर चालत नाहीत. भर समुद्रात आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते. अशी वस्तू सापडली की ती एक वस्तू नव्हे, अख्खी बॅग बाजूला ठेवतात आणि मालकाला बोलावतात. घरच्या खाण्यालाही बहुतेक ठिकाणी मनाई असते. आमचा चकल्या-अनारशांचा डबा आम्ही रांगेतच उघडला आणि मागेपुढे उभ्या असलेल्यांत वाटून टाकला. त्यामुळे ओळखी मात्र छान झाल्या!

जहाज सुटण्याच्या सुमारास सर्वांना एका ठिकाणी जमवून संकटाच्या वेळी काय करायचे ते दाखवतात. सात वेळा आखूड आणि एकदा लांब भोंगा वाजला की आपल्या नेमलेल्या जागी जायचे, जाकीट कसे बांधायचे, वगैरे. पुष्कळ बायका ‘आम्ही चहा घेऊन येतो’ म्हणून सटकायला बघत होत्या. तसे करू नका. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ नावाचे प्रचंड जहाज खडकावर आपटून कलंडले आणि ३२ माणसे गेली. त्यातल्या कित्येक प्रवाशांची ही कवायत व्हायचीच होती. तेव्हापासून जगभर नियम कडक झाला, की कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच झाली पाहिजे. लहान मुले बरोबर असतील तर त्यांच्या मापाचे जाकीट खोलीत आहे का, हे तिथेच विचारून घ्या.

सूर्य बुडताना सासूबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘एवढं पानी, आन् प्यायले थेंब नाही! आपल्यासाठी पानी कुठून आनते व?’’ प्रश्न मोठा रास्त होता. तिथल्या एका मुलाने सांगितले, की इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राच्याच पाण्याची वाफ करून ती थंड करतात, त्याचे गोडे पाणी होते. सासूबाईंचा विश्वास बसायला दोन दिवस लागले.

साडेसात वाजले. जेवणाची वेळ झाली. शेजारच्या खोल्यांसमोर बॅगा येऊन पडल्या, आमच्या दारात काही नाही. आठ वाजले तरी नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की इन्शुलिन बॅगेत, चिठ्ठी बॅगेत आणि बॅग इस्त्रीपायी अडकलेली! सासूबाई म्हणाल्या, ‘‘एक रात्र न घेतलं त काय होते?’’ आणि माझ्याकडे बघून गप्प बसल्या. न जेवता.

मी खाली चौकशीच्या टेबलाशी गेले. तिथून त्यांनी मला आणखी खाली पाठवले. हे जहाजाच्या डॉक्टरांकडे गेले. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी वेगळी आणि सगळीच औषधे त्याच्याजवळ असतील असे नाही. डॉक्टरांनी साखर तपासली. वाढली होती, पण घाबरण्यासारखी नव्हती. त्यांनी साधा प्रश्न विचारला, ‘‘इन्शुलिन कुठले घेतात? नाव काय?’’ ह्यांना ठाऊक नव्हते. मी धापा टाकत पोचले, तर मलाही आठवेना! रोज संध्याकाळी माझ्याच हाताने टोचते, आणि नाव सांगता येईना. सासूबाई म्हणाल्या, ‘‘ते नारिंगी बटनवालं.’’ डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. इन्शुलिनचे प्रकार अनेक, आणि रंगावरून औषध देता येत नाही.

साडेनऊला बॅग मिळाली. इस्त्री आणि किटली त्यांनी पावती देऊन ठेवून घेतल्या. इन्शुलिन टोचले आणि सासूबाई जेवल्या. मी ताटावर बसले, पण घास उतरेना.

म्हणून आता माझी पिशवी कशी भरते ते ऐका. निदान दोन दिवस जास्तीचे पुरतील इतकी औषधे, त्यांच्या मूळ वेष्टनासकट. डॉक्टरांची चिठ्ठी, आणि तिचा फोटो मोबाईलमध्ये, ह्यांच्याही मोबाईलमध्ये. एका कार्डावर औषधाचे नाव, मात्रा, वेळ स्वच्छ अक्षरात. इन्शुलिनचे चालू पेन काही आठवडे साध्या हवेत राहते, पण उन्हात किंवा थेट बर्फावर ठेवू नये. न उघडलेले असेल तर फ्रिजची सोय आहे का हे तिकीट काढतानाच विचारावे. आधारकार्ड, कारण गोव्याला जायचे असले तरी ओळखपत्र लागतेच. एक साडी, आतले कपडे, चष्मा, कंगवा, मुलांचा एक जोड. आणि साखरेची पुडी. सहज हातात धरता येईल एवढेच. घरात कुणी गरोदर असेल तर आधी नियम बघा, बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांनंतर घेत नाहीत.

त्या रात्री जहाज डोलायला लागले आणि बोट कुणाला लागली म्हणता? मला! सासूबाई ठणठणीत. आयुष्यभर खासरात बसून नवेगाव-बांधाच्या जत्रेला गेलेल्या त्या. म्हणाल्या, ‘‘हे त काहीच नाही.’’ आपले डोळे म्हणतात खोली स्थिर आहे, आणि कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय म्हणते की हलते आहे. या दोघांच्या भांडणात पोट मरते. त्यावरची गोळी निघण्याआधी घ्यायची असते. तिने झोप येते, आणि मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. खोली घेताना जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची मागा. तिथे हेलकावे कमी. टोकाची, वरची खोली दिसायला झोकदार, पण झोपाळ्यासारखी हलते. मळमळले तर खोलीत पडून राहू नका. डेकवर या आणि दूर क्षितिजाकडे बघा. आल्याचा तुकडा चघळल्याने मला बरे वाटले.

आता बारीकसारीक कटकटी. सर्वांत स्वस्त खोलीला खिडकी नसते. दिवा मालवला की दिवस का रात्र कळत नाही. सासूबाई पहाटेचे चार समजून रात्री साडेअकराला अंघोळीला उठल्या. न्हाणीघर एवढेसे, आणि त्याला वीतभर उंच उंबरठा. पहिल्या दिवशी सगळ्यांनी ठेच खाल्ली. संडासात पाण्याऐवजी हवेच्या ओढीने मैला जातो. त्यात पॅड, कापूस, चिंधी काही टाकू नका, एका खोलीचे तुंबले तर शेजाऱ्यांचेही तुंबते. डेकवर वारा असा, की पदराला दोन पिना कमीच. पायात घसरणार नाहीत अशा रबरी चपला हव्यात. जेवायला जाताना हात साबणानेच धुवा. जहाजांवर पसरणाऱ्या उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर बाटलीतले सॅनिटायझर फारसे चालत नाही, हे मला तिथेच कळले. देवाची निरांजन लावता येत नाही म्हणून सासूबाई जरा खट्टू झाल्या, मग सूर्यालाच हात जोडले.

आणि पैसे! जाहिरातीतला आकडा आणि पावतीवरचा आकडा यांचे नाते सख्ख्या जावांसारखे, दिसायला एक घर पण चुली वेगळ्या. दर माणशी असतो, तोही एका खोलीत दोघे धरून. कर, बंदराचा आकार, नोकरवर्गासाठीचा सेवाआकार वरून. जेवणे त्यात येतात, पण थंड पेये, काही ठिकाणी बाटलीचे पाणीसुद्धा, वेगळे. खोलीची किल्ली म्हणजे एक कार्ड, तेच दाखवून खरेदी होते, म्हणून खर्च कळत नाही. मुलांच्या हाती ते देऊ नका. किनारा सुटला की मोबाईलची रेंज जाते आणि काही जहाजांवर उपग्रहाचे महागडे जाळे आपोआप धरले जाते. फोन विमान-मोडवर टाकून मोकळ्या व्हा. माहेरी आधीच सांगून ठेवा, म्हणजे ‘फोन का लागत नाही’ म्हणून आई जागी राहणार नाही.

गोव्याला जहाज मुरगाव बंदरात लागले. आम्ही टॅक्सीने मंगेशीचे दर्शन घेऊन आलो. दिलेल्या वेळेच्या तासभर आधी परत या, एस.टी.चा कंडक्टर आवाज देतो, जहाज कुणासाठी थांबत नाही.

शेवटच्या रात्री मोठी बॅग भरून दाराबाहेर ठेवायला सांगतात, ती थेट मुंबईला बंदरावर मिळते. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी इतक्या मनापासून आवरले, की सकाळी अंगातल्या गाऊनखेरीज काही उरले नव्हते. मी माझ्या पिशवीतली ती एक साडी त्यांना दिली, आणि ब्लाऊज सासूबाईंचे! बंदरावर बॅग हाती आल्यावर त्यांनी बदलले आणि साडी घडी घालून परत दिली.

मग इस्त्री आणि किटली आणायला मी दुसऱ्या रांगेत उभी राहिले. पावतीवर शिक्का मारूनच त्या देतात, तेव्हा पावती जपून ठेवा. माझी चष्म्याच्या डबीत होती. आणि चष्मा सासूबाईंच्या नाकावर, डबी त्यांच्या पिशवीत. ती सापडेपर्यंत त्या बाकावर बसून भावजींना फोनवर सांगत होत्या, की पाणी खारटच आहे, पण जहाजावरचे गोड लागते, मी पिऊन पाहिले.