औषधोपचार चालू असलेल्या वृद्ध मांजराच्या वागणुकीतील अकस्मात बदल

धान्याच्या कणगीजवळ, गोठ्याच्या माळ्यावर आणि बियाण्याच्या पोत्यांभोवती वावरणारे मांजर शेतकऱ्याच्या घरी बहुधा कोणी मुद्दाम आणलेले नसते; तथापि उंदरांचा बंदोबस्त करून ते आपल्या पोटास मिळणाऱ्या दूधभाकरीची पुरेपूर परतफेड करीत असते. पूर्वी असे मांजर म्हातारे झाले, म्हणजे घराच्या कोपऱ्यात पडून राही व एके दिवशी दिसेनासे होई. आता पशुवैद्यकीय दवाखान्यांची सोय झाल्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मांजरांवरही उपचार करून घेतले जातात, ही समाधानाची गोष्ट होय.

परंतु उपचार चालू असता कधी कधी मांजराची वागणूक एकाएकी पालटते. मांडीवर बसणारे मांजर फिसकारू लागते, अंगणात वावरणारे मांजर कणगीमागे दडून बसते, रात्रभर ओरडते, भिंतीवर आदळते किंवा चालताना झोकांड्या खाते. अशा वेळी घरातील मंडळी तीनपैकी एक निष्कर्ष काढतात. कोणी म्हणतो, त्याचे वय झाले. कोणी म्हणतो, औषध बाधले, ते बंद करा. कोणी म्हणतो, मांजर पिसाळले, त्याला मारून टाका. हे तिन्ही निष्कर्ष तपासणीवाचून काढलेले असतात, आणि त्यांपैकी कोणत्याही एकामुळे बरे होण्याजोगे मांजर दगावू शकते. म्हणून अशा बदलाची कारणे कोणती व तो दिसताच काय करावे, याचा येथे विचार केला आहे.

वय हे कारण पुरेसे नाही

वार्धक्याने येणारे बदल हळूहळू, महिन्या-महिन्यांनी येतात. उडी कमी होते, झोप वाढते, अंग चाटण्याचा कंटाळा दिसतो. एका दिवसात किंवा दोन दिवसांत झालेला बदल हा वयाचा नव्हे; तो शरीरात काहीतरी नवीन घडल्याचा संकेत होय. मांजराची जात दुखणे लपविणारी आहे. गाय कण्हते, बैल लंगडतो. मांजर मात्र गप्प बसते, दडते, किंवा हात लावताच बोचकारते. म्हणून त्याचा राग हा पुष्कळदा वेदनेचा आविष्कार असतो.

मांजराचे शरीर व औषधे

शरीरात गेलेले औषध यकृतात निरुपद्रवी करून मूत्रावाटे बाहेर टाकले जाते. माणसाच्या यकृतात या कामी येणाऱ्या काही विकरांची मांजरात फार उणीव असते. त्यामुळे कित्येक औषधे त्याच्या शरीरात दीर्घकाळ साचून राहतात. ॲस्पिरिनचे उदाहरण घेतल्यास, त्याचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर येण्यास मांजरात सुमारे दीड दिवस लागतो; माणसात त्याच कामास साधारण मात्रेनंतर काही तासच लागतात. वृद्ध मांजराची मूत्रपिंडे बहुधा दुर्बल झालेली असल्यामुळे ही अडचण दुणावते. पूर्वी मानवलेली मात्राही अशा वेळी अधिक ठरू शकते.

एका प्राण्यास मानवणारे औषध दुसऱ्यास प्राणघातक होते, हे शेतकऱ्यांस नवीन नाही. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे त्यांची मढी खाणारी गिधाडे मेली, म्हणून २००६ मध्ये भारतात हे औषध जनावरांसाठी वापरण्यास बंदी घालण्यात आली. मांजराच्या बाबतीतही हाच धडा ध्यानी धरावयास हवा.

घरातील इतर औषधांपासून धोका

दवाखान्यातील औषधाबरोबर ‘थोडा आराम पडावा’ म्हणून घरची गोळी देण्याची चाल अत्यंत घातक आहे. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळीदेखील मांजराचा प्राण घेऊ शकते. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नष्ट होते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड व पंजे सुजतात आणि मांजर धापा टाकू लागते. आयब्युप्रोफेन व डायक्लोफिनॅक यांमुळे जठरात रक्तस्राव होतो व मूत्रपिंडे निकामी होतात.

गुरांच्या व कुत्र्यांच्या गोचिडांवर वापरावयाची औषधेही तशीच होत. परमेथ्रिन व त्याच वर्गातील इतर औषधे मांजराच्या अंगास लागल्यास, अथवा ती लावलेल्या जनावराशी अंग घासल्यास, मांजराचे कान व कातडी थरथरते, अंग कापते व पुढे आकडी येते.

कोंबड्यांसाठी आणलेले एन्रोफ्लॉक्सासिन अंदाजाने मांजरास देऊ नये. मांजरासाठी त्याची दैनिक मर्यादा वजनाच्या प्रत्येक किलोस ५ मिलिग्रॅम, म्हणजे ४ किलोच्या मांजरास २० मिलिग्रॅम इतकीच आहे. १० टक्के तीव्रतेच्या द्रावणाच्या केवळ १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. मात्रा अधिक झाल्यास मांजर एकाएकी आंधळे होते व गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही.

दवाखान्यातून दिलेल्या औषधांचे परिणाम

योग्य औषधामुळेही वागणुकीत फरक पडू शकतो. कडू गोळी जिभेस लागताच मांजर तोंडास फेस आणते. तो काही मिनिटांत थांबला तर भिण्याचे कारण नाही. डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी दिल्यास ती अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण होतो व मांजर खाणे टाकते. यास्तव गोळीमागून सुई काढलेल्या पिचकारीने ५ ते ६ मिलिलिटर पाणी सावकाश पाजावे.

प्रेडनिसोलोनमुळे तहान, भूक व लघवी वाढते. हे औषध बरेच दिवस दिले असल्यास ते एकदम बंद करणे धोक्याचे असते. मात्रा क्रमाक्रमाने उतरवावी लागते. मेट्रोनिडॅझोलची मात्रा अधिक झाल्यास मांजर झोकांड्या खाते व भांबावते. मधुमेहासाठी इन्सुलिन टोचलेले मांजर जेवले नाही, तर रक्तातील साखर उतरून ते गळून जाते, लडखडते व त्यास आकडी येते. मांजर शुद्धीवर असल्यास त्याच्या हिरड्यांस मध किंवा साखरेचा पाक चोळावा आणि विलंब न लावता दवाखाना गाठावा. बेशुद्ध किंवा आकडी आलेल्या मांजराच्या तोंडात काहीही ओतू नये.

औषधाचा दोष नसेल तेव्हा

पुष्कळदा औषधावर विनाकारण ठपका येतो आणि मूळ रोग बळावत असतो. मूत्रपिंडाच्या विकाराने रक्तदाब वाढतो व डोळ्यातील पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळे होते. बाहुल्या मोठ्या राहतात, मांजर भिंतीवर आदळते व ओरडते. कंठग्रंथीच्या अतिरिक्त स्रावामुळे मांजर भरपूर खाऊनही वाळते, अस्वस्थ फिरते व रात्री ओरडते. बोका वारंवार लघवीस बसत असून थेंबही येत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबला असे समजावे. असा बोका एक-दोन दिवसांत मरू शकतो.

शेतघरी आणखी एक शक्यता नेहमी ध्यानात ठेवावी. उंदरांसाठी ठेवलेले ब्रोमॅडिओलोनसारखे विष खाऊन मेलेला उंदीर मांजराने खाल्ला, तर त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो. मांजर मलूल होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, श्वास लागतो. याच सुमारास दुखण्यावर औषध चालू असेल, तर दोष औषधास दिला जातो आणि विषाचा विचार कोणाच्या मनात येत नाही.

पिसाळण्याची शंका

चावरेपणा व लाळ गळणे ही पिसाळल्याचीही लक्षणे आहेत. म्हणून, विशेषतः मांजरास प्रतिबंधक लस टोचलेली नसेल किंवा त्यास अलीकडे कुत्रा अथवा दुसरे जनावर चावले असेल, तर उघड्या हाताने त्याच्या तोंडात गोळी घालू नये. मांजर चावल्यास किंवा त्याने बोचकारल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी; हळद, चुना वा तिखट लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस टोचून घेण्यास आरंभ करावा. रक्त आले असल्यास लसीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते.

मांजरास मात्र मारू नये. ते बंद खोलीत किंवा पिंजऱ्यात ठेवून पशुवैद्यांच्या सल्ल्याने दहा दिवस नजरेखाली ठेवावे. चाव्यानंतर दहा दिवस ते धडधाकट राहिले, तर त्या चाव्यापासून रोगाचे भय नाही असे समजतात. ते मारून टाकल्यास ही खात्री करून घेण्याचे साधनच हातचे जाते. मात्र मांजराचे काय होते हे पाहण्यासाठी माणसाची लस लांबणीवर टाकू नये.

प्रत्यक्ष काय करावे

१. औषध चालू होताच एक वही ठेवावी. औषधाचे नाव, मात्रा, दिल्याची वेळ, खाणे, पाणी, लघवी व शौच यांची रोज नोंद करावी. बदल औषधानंतर किती तासांनी दिसला, हे त्यावरून कळते. पशुवैद्यांस निदानासाठी याहून उपयुक्त माहिती दुसरी नाही.

२. मांजर स्वस्थ निजले असता एका मिनिटातील श्वास मोजावेत. ते नेहमी ३० च्या वर जात असतील, तर दवाखान्यास कळवावे.

३. बदल दिसताच पुढील मात्रा देण्यापूर्वी पशुवैद्यांस विचारावे. आपल्या मताने औषध वाढवू नये, बदलू नये किंवा दीर्घकाळ चालू असलेले औषध तोडू नये.

४. मांजरास शांत, अंधाऱ्या व उबदार जागी ठेवावे. मुलांना दूर ठेवावे. उचलताना जाड टॉवेल किंवा गोणपाट वापरावे.

५. दवाखान्यात जाताना वही, औषधांची सर्व वेष्टने आणि घरात, गोठ्यात वा शेतात वापरलेल्या विषारी औषधांची नावे बरोबर न्यावीत. घरची गोळी दिली असल्यास संकोच न धरता सांगावे.

६. धाप लागणे, आकडी, एकाएकी अंधत्व, मागचे पाय लुळे पडणे, लघवी तुंबणे, हिरड्यांचा रंग पालटणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. मांजराने पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही तरी ते दाखवावे. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून जिवास धोका होतो.

रक्त व रक्तदाब यांच्या तपासणीची सोय तालुक्याच्या दवाखान्यात नसेल, तर मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करावी.

मुक्या प्राण्यास आपले दुखणे सांगता येत नाही. वागणूक हीच त्याची भाषा होय. ती पालटली असता रागावणे, घाबरणे किंवा तर्क लढविणे यांपेक्षा पाहणे, लिहून ठेवणे व विचारणे हे अधिक हितावह आहे. तेवढे केल्यास मांजराचा जीव वाचण्याचा संभव वाढतो आणि घरातील माणसांचीही सुरक्षितता राखली जाते.