मानवी व्यापार : गुन्हा ओळखायचा कसा, खटला टिकवायचा कसा



मानवी व्यापार म्हटले की मुले पळवणारी टोळी किंवा मोठ्या शहरातली वेश्यावस्ती डोळ्यांपुढे येते. पण आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात जून २०२३ मध्ये ढोकी पोलिसांनी विहीर खोदण्याच्या कामावरून ११ मजुरांची सुटका केली. दलालांनी कामाचे आमिष दाखवून त्यांना ठेकेदारांच्या हवाली केले होते. दिवसभर खोदकाम करून घेत आणि पळून जाऊ नयेत म्हणून रात्री साखळीने बांधत. एक मजूर निसटला, त्याने तक्रार केली, म्हणून बाकीचे सुटले.

त्याआधी २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील कातकरी मुलांचे प्रकरण पुढे आले. काही हजार रुपये आणि एखादी मेंढी देऊन ही मुले मेंढ्या राखायला नेली होती. एका मुलीचा मृत्यू झाल्यावर पोलिसांत गुन्हे दाखल झाले.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या कामात अडकली होती. भारतात २०२२ या वर्षात मानवी व्यापाराचे २,२५० गुन्हे नोंदले गेले. त्यांपैकी २९५ महाराष्ट्रातले. प्रत्यक्षात किती माणसे अडकली आहेत, ते या नोंदींवरून कळत नाही. कारण बहुतेक प्रकरणे पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचतच नाहीत. जी पोहोचतात, ती ‘मजुरीचा वाद’ किंवा ‘किरकोळ मारहाण’ म्हणून मिटवली जातात.

म्हणून खूण ओळखायला हवी. उचल घेणे हा गुन्हा नाही. पण ‘अंगावरचे पैसे फिटेपर्यंत जायचे नाही’ असे म्हणून माणसाला अडवले, किमान वेतन दिले नाही, दुसरीकडे काम करू दिले नाही, तर ती वेठबिगारी होते. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते.

फसवून, धाक दाखवून किंवा आमिष देऊन माणसाला शोषणासाठी नेले, पाठवले, ठेवून घेतले, तर तो मानवी व्यापार. १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ आहे. त्याआधीच्या घटनांना भारतीय दंड संहितेचे कलम ३७०. शिक्षा किमान ७ वर्षे, बळी बालक असल्यास किमान १० वर्षे. ‘तो स्वतःच्या मर्जीने आला होता’ हा बचाव या कलमात चालत नाही. मजूर अनुसूचित जमातीचा आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो.

तक्रार देताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, एफआयआरमध्ये उचल, अडवणूक आणि न दिलेली मजुरी यांचा स्पष्ट उल्लेख हवा. दुसरी, जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून चौकशी आणि मुक्तता प्रमाणपत्र मागावे. त्या आधारे तातडीची मदत म्हणून ३० हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. तिच्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. तिसरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील घ्यावा. मानवी व्यापाराच्या बळींना तो हक्क आहे, उत्पन्नाची अट नाही.

खटले ढासळतात ते बहुधा साक्षीच्या वेळी. सुटलेला मजूर पोटासाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो, समन्स जुन्या पत्त्यावर येते, किंवा मुकादमाची माणसे घरी येऊन बसतात. तिथे वस्तीवरच्या कार्यकर्त्याचे काम असते : साक्षीदाराशी संपर्क ठेवणे, तारखेला त्याला कोर्टात नेणे, त्या दिवसाचा बुडालेला रोज भरून देता येईल का ते पाहणे.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. आपल्या वस्तीवरून कोणी जात असेल तर निघण्याआधी वहीत लिहून ठेवा : मुकादमाचे नाव, फोन, गाडीचा नंबर, कारखान्याचे नाव, घेतलेली उचल. मुले सोबत असल्यास त्यांची नावे आणि वये. अडचण आल्यास ११२, मुलांसाठी १०९८. उद्या कोर्टात उभे राहायची वेळ आली, तर हीच वही पुराव्याला उपयोगी पडेल.