अ‍ॅनफिल्ड : भाडेवाढीच्या भांडणातून जन्मलेले मैदान

घरमालकाने भाडे वाढवले, भाडेकरूने बिऱ्हाड हलवले आणि रिकाम्या जागेचे काय करायचे या विवंचनेत घरमालकाने स्वतःच नवा संसार थाटला. मुंबई-पुण्याच्या वाचकाला ओळखीची वाटावी अशी ही गोष्ट लिव्हरपूल या इंग्लंडमधील बंदराच्या शहरात १८९२ मध्ये घडली. त्या भांडणातून जगातील सर्वांत नामांकित फुटबॉल क्लबांपैकी एक जन्माला आला. लिव्हरपूल फुटबॉल क्लब आणि त्याचे अ‍ॅनफिल्ड हे मैदान यांचा इतिहास असा जागेच्या हक्कावरून सुरू होतो. पुढच्या सव्वाशेहून अधिक वर्षांतही हा हक्काचा प्रश्न मिटलेला नाही. मैदान नेमके कुणाचे? कागदोपत्री मालकी असलेल्याचे, दर शनिवारी तिथे येऊन गाणाऱ्याचे, की भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजाऱ्याचे? अ‍ॅनफिल्डचे आजचे रूप या तिघांच्या ओढाताणीतून घडले आहे.

भाडेकरू आणि दारूवाला मालक

अ‍ॅनफिल्डवर पहिला सामना झाला तो १८८४ च्या सप्टेंबरमध्ये, आणि तो खेळला एव्हर्टन या संघाने. आज लिव्हरपूलचा कट्टर शहरी प्रतिस्पर्धी म्हणून ओळखला जाणारा हा क्लब सेंट डोमिंगो या मेथडिस्ट चर्चच्या मंडळींनी १८७८ मध्ये सुरू केलेला. आधी स्टॅनली पार्क या सार्वजनिक बागेत आणि मग इकडेतिकडे खेळत हा संघ अ‍ॅनफिल्डला स्थिरावला. त्याला ही जागा मिळवून देणारे जॉन हाउल्डिंग बिअर गाळण्याच्या व्यवसायातले बडे प्रस्थ होते, शिवाय राजकारणातही मुरलेले. पुढे ते लिव्हरपूलचे लॉर्ड मेयरही झाले.

हाउल्डिंग यांनी जागा विकत घेतली आणि ते क्लबचे घरमालक बनले. एव्हर्टन १८८८ मध्ये फुटबॉल लीगचा संस्थापक सदस्य झाला, १८९०-९१ मध्ये विजेताही ठरला. गर्दी वाढली, गल्ला वाढला आणि त्याबरोबर भाडेही. वर्षाला १०० पौंडांवरून ते २५० पौंडांपर्यंत गेले. मैदानावर खाद्यपेये विकण्याचा हक्क हाउल्डिंग यांच्याकडे, खेळाडू कपडे बदलणार तेही त्यांच्याच सँडन हॉटेलात. क्लबमधील मद्यविरोधी मेथडिस्ट मंडळींना हे खुपत होते. जागा क्लबने विकत घ्यावी असा प्रस्ताव मालकाने मांडला तेव्हा किमतीवरून आणि अटींवरून ठिणगी पडली. जॉर्ज माहन यांच्या नेतृत्वाखाली सभासदांनी पाठ फिरवली आणि स्टॅनली पार्कच्या पलीकडे, मैलभराच्याही आत, गुडिसन पार्क हे नवे मैदान उभारले.

हाउल्डिंग यांच्या हाती उरले ते मैदान, पण संघ नव्हता. ‘एव्हर्टन’ हे नाव आपल्याकडे ठेवण्याचा त्यांचा प्रयत्न फुटबॉल असोसिएशनने हाणून पाडला. तेव्हा त्यांनी १८९२ मध्ये ‘लिव्हरपूल’ या नावाने नवा संघ उभा केला. एरवी क्लब आधी निघतो आणि मग मैदान शोधतो. इथे मैदानाने क्लब शोधला.

टेकडीचे नाव

लिव्हरपूलने १९०१ मध्ये पहिले आणि १९०६ मध्ये दुसरे लीग विजेतेपद पटकावले. हातात पैसा आला आणि मैदानाची पुनर्बांधणी झाली. त्या काळी ब्रिटनमधील मैदानांच्या उभारणीत ज्यांचा शब्द अखेरचा मानला जाई, त्या आर्चिबाल्ड लीच या स्कॉटिश अभियंत्याने काम पाहिले. एका गोलच्या मागे माती आणि राखेचा मोठा उतार रचून त्यावर उभे राहण्यासाठी पायऱ्या करण्यात आल्या. स्थानिक क्रीडा संपादक अर्नेस्ट एडवर्ड्स यांनी या उताराला ‘स्पियॉन कॉप’ म्हणावे असे सुचवले.

हे नाव दक्षिण आफ्रिकेतील एका टेकडीचे. बोअर युद्धात १९०० च्या जानेवारीत त्या टेकडीवर ब्रिटिश फौजेची भीषण कत्तल झाली. मृतांमध्ये लिव्हरपूल आणि लँकेशायर परगण्यातील तरुणांचा भरणा मोठा होता. याच रणभूमीवरून जखमींना झोळ्यांतून वाहून नेणाऱ्या भारतीय रुग्णवाहक पथकाचे नेतृत्व मोहनदास करमचंद गांधी करत होते. विन्स्टन चर्चिलही तिथे होते आणि बोअरांच्या बाजूने लुई बोथा लढत होते. तीन देशांचे भावी नेते एका टेकडीवर, आणि त्या टेकडीचे नाव फुटबॉलच्या मैदानाला. अशी नावे इतर इंग्लिश मैदानांनाही मिळाली, पण ‘कॉप’ म्हटले की जगाला आठवते ते अ‍ॅनफिल्डच.

कॉपच्या कोपऱ्यावरील ध्वजस्तंभाचीही कथा आहे. हा स्तंभ म्हणजे ‘ग्रेट ईस्टर्न’ या, एकेकाळी जगातील सर्वांत मोठ्या, जहाजाची डोलकाठी. मर्सी नदीच्या काठी जहाज मोडीत निघाले तेव्हा ती विकत घेऊन घोड्यांच्या साह्याने मैदानापर्यंत ओढत आणली गेली. लिव्हरपूल हे गोदी कामगारांचे शहर आहे, हे सांगायला याहून बोलकी खूण नको. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात मुंबईचा कापूस ज्या बाजाराने सोन्याच्या भावाने उचलला, तो याच शहराचा. बंदरातली हमाली करणारी, आठवडाभर राबणारी हीच माणसे शनिवारी कॉपवर गर्दी करत.

उभे राहून पाहणाऱ्यांचे राज्य

कॉपवर १९२८ मध्ये छत आले आणि सामावणाऱ्या प्रेक्षकांची संख्या तीस हजारांच्या आसपास पोहोचली. छत उन्हापावसासाठी घातले होते, त्याचा खरा परिणाम मात्र कानांना जाणवला. हजारो कंठांतून निघालेला आवाज वर जाऊन विरण्याऐवजी छतावर आदळून मैदानात परत येऊ लागला. प्रतिस्पर्ध्यांवर अ‍ॅनफिल्डचा जो धाक बसला त्यामागे हा साधा वास्तुविचार आहे. मैदानावरील सर्वाधिक गर्दीची नोंद २ फेब्रुवारी १९५२ ची. वुल्व्हज संघाविरुद्धचा एफए कपचा सामना पाहायला त्या दिवशी ६१ हजार ९०५ लोक आले होते.

डिसेंबर १९५९ मध्ये बिल शँकली व्यवस्थापक म्हणून आले तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता आणि मैदानाची अवस्था दयनीय होती. खाणकामगारांच्या वस्तीत वाढलेल्या या स्कॉटिश माणसाने कॉपवरील गर्दीला संघाचा भाग मानले. १९६४ मध्ये लीग विजेतेपद आले. त्याच वर्षी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने कॉपवर कॅमेरा लावला, तेव्हा प्रेक्षागाराचे झुलणे आणि बीटल्सची गाणी एकसुरात गाणे साऱ्या ब्रिटनने पाहिले. १९४५ च्या ‘कॅरोसेल’ या अमेरिकी संगीतिकेतील एक गाणे लिव्हरपूलच्याच जेरी अँड द पेसमेकर्सनी १९६३ मध्ये लोकप्रिय केले. कॉपने ते उचलले आणि आज ते क्लबचे गीत आहे. मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्याच्या माथ्यावर ‘हे अ‍ॅनफिल्ड आहे’ असे सांगणारी पाटी शँकली यांच्याच कारकिर्दीतली. आपल्या खेळाडूंना अभिमान आणि पाहुण्यांना इशारा, असा तिचा दुहेरी हेतू होता.

१९८१ मध्ये शँकली यांचे निधन झाले आणि त्यांच्या अस्थी अ‍ॅनफिल्डच्या हिरवळीत विसर्जित करण्यात आल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे प्रवेशद्वार उभे राहिले.

हिल्सबरोनंतर

१५ एप्रिल १९८९ ही तारीख लिव्हरपूल शहर विसरलेले नाही. शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्धच्या एफए कप उपांत्य सामन्यात उभ्या प्रेक्षागारातील चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे चाहते चिरडले गेले. मृतांची संख्या आज ९७ मोजली जाते. त्यातील शेवटचा मृत्यू २०२१ मध्ये, तेव्हाच्या जखमांमुळे झाला. दुर्घटनेनंतरच्या दिवसांत अ‍ॅनफिल्डची हिरवळ कॉपच्या बाजूने फुलांनी झाकली गेली. स्टॅनली पार्कमधून गुडिसन ते अ‍ॅनफिल्ड अशी गळपट्ट्यांची साखळी बांधण्यात आली. १८९२ मध्ये तुटलेले नाते त्या आठवड्यात जुळले होते.

पोलिसांनी सुरुवातीला दोष चाहत्यांवर ढकलला. मृतांच्या नातलगांना न्यायासाठी २७ वर्षे झगडावे लागले. २०१६ मध्ये ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा ठरवले आणि चाहत्यांना दोषमुक्त केले. या काळात मैदानावरील स्मारक हे नातलगांचे हक्काचे ठिकाण राहिले.

लॉर्ड जस्टिस टेलर यांच्या १९९० च्या अहवालानंतर वरच्या श्रेणीतील मैदानांवर प्रत्येकाला आसन बंधनकारक झाले. उभ्या कॉपचा अखेरचा सामना ३० एप्रिल १९९४ रोजी नॉर्विचविरुद्ध झाला. निरोपाच्या त्या सामन्यात यजमान ०-१ असे हरले. नव्या कॉपमध्ये साडेबारा हजारांहूनही कमी आसने बसली. सुरक्षितता आली, पण उभे राहणारा स्वस्त तिकिटाचा प्रेक्षक हळूहळू मागे पडला. २०२१ मध्ये कॉपच्या काही भागात कठडे जोडलेल्या आसनांची चाचणी सुरू झाली, तेव्हा सुरक्षितपणे उभे राहण्याची मुभा परत येण्याची वाट उघडली.

शेजाऱ्यांची किंमत

अ‍ॅनफिल्डभोवती विटांच्या बैठ्या, एकमेकींना चिकटलेल्या घरांच्या रांगा आहेत. मैदान वाढवायचे तर त्या घरांवरूनच वाढवायचे. केमलिन रोडकडील प्रेक्षागार दुमजली करायचे ठरले तेव्हा क्लबने रांगेतली घरे एकेक करून विकत घेतली. फक्त दोन बहिणींनी घर सोडायला नकार दिला. सारी आळी पाडली गेली तरी त्यांचे घर १९९० पर्यंत टिकून राहिले, आणि त्यांनी होकार दिल्यावरच काम सुरू झाले. १९९२ मध्ये ते प्रेक्षागार ‘सेंटेनरी स्टँड’ म्हणून खुले झाले. २०१७ मध्ये त्याला क्लबचे थोर खेळाडू आणि व्यवस्थापक केनी डॅलग्लिश यांचे नाव मिळाले. केमलिन रोडचे नाव मात्र नकाशातून पुसले गेले.

दुसऱ्या बाजूची कहाणी अधिक लांबली आणि अधिक कडू ठरली. मेन स्टँडमागच्या लोथेर रोडवरील घरे क्लब १९९० च्या दशकापासून घेऊ लागला. त्यातील कित्येक वर्षानुवर्षे बंद राहिली. खिडक्यांवर पत्रे ठोकलेल्या घरांशेजारी राहणाऱ्यांच्या घरांचा भाव कोसळला आणि आळीची रया गेली. याच काळात क्लब जागा सोडण्याचा विचारही करत होता. २००२ मध्ये स्टॅनली पार्कमध्ये नवे मैदान बांधण्याची योजना जाहीर झाली. २००७ मध्ये आलेल्या अमेरिकी मालकांनी बांधकामाचे आश्वासन दिले, पण कर्जाच्या ओझ्याखाली ते बारगळले. २०१० मध्ये क्लब सध्याच्या अमेरिकी मालकांकडे गेला आणि २०१२ मध्ये त्यांनी अ‍ॅनफिल्डवरच राहण्याचा निर्णय घेतला. क्लब जाणार की राहणार, हे ठरायला दहा वर्षे लागली. अनिश्चिततेची झळ सोसली ती शेजाऱ्यांनी.

घरे पाडून वाढवलेले मेन स्टँड सप्टेंबर २०१६ मध्ये खुले झाले आणि क्षमता ५४ हजारांवर गेली. त्यातील सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे असेल असे जाहीर झाले, तेव्हा फेब्रुवारी २०१६ मध्ये संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून निघून गेले. संघ तेव्हा २-० असा पुढे होता आणि सामना २-२ असा सुटला. चारच दिवसांत मालकांनी भाववाढ मागे घेतली. मालकी कागदावर कुणाचीही असो, प्रेक्षकांनी पाठ फिरवली तर मैदान रिकामे राहते. हाउल्डिंग यांना हा धडा १८९२ मध्येच मिळाला होता.

रिकाम्या आसनांचा करंडक

रिकामेपणाचा खरा अनुभव २०२० मध्ये आला. आदल्या वर्षी, ७ मे २०१९ रोजी, पहिल्या लढतीत ०-३ अशी हार पत्करलेल्या लिव्हरपूलने बार्सिलोनाला अ‍ॅनफिल्डवर ४-० असे नमवून चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी गाठली होती आणि त्या रात्रीच्या श्रेयात प्रेक्षकांचा वाटा सर्वांनी मान्य केला होता. तीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर २०२० मध्ये लीग विजेतेपद आले ते करोनाच्या साथीत. त्या जुलैमध्ये कॉपवर उभारलेल्या मंचावर करंडक उंचावला गेला, तेव्हा समोरची आसने रिकामी होती. ते देणे फिटले २७ एप्रिल २०२५ रोजी. टॉटनहॅमला ५-१ असे हरवून संघाने भरलेल्या मैदानात विजेतेपद निश्चित केले. तोवर अ‍ॅनफिल्ड रोडकडील प्रेक्षागारही वाढले होते आणि क्षमता ६१ हजारांच्या घरात पोहोचली होती. म्हणजे १९५२ च्या विक्रमी गर्दीएवढीच, या वेळी बसून.

त्याच २०२५ च्या मे महिन्यात एव्हर्टनच्या पुरुष संघाने गुडिसन पार्कवरील अखेरचा सामना खेळला आणि तो गोदीकाठच्या नव्या मैदानावर गेला. भांडून निघून गेलेला जुना भाडेकरू बागेपलीकडून, १३३ वर्षांनी, पुन्हा एकदा बिऱ्हाड हलवून लांब गेला. घरमालकाचे मैदान मात्र जागच्या जागी आहे. सामन्याच्या दिवशी उरलेल्या घरांच्या गल्ल्या लाल गळपट्ट्यांनी भरून वाहतात, आणि सामना संपला की राहणारी माणसे आपले दार उघडून पायरीवरचा कचरा झाडू लागतात.